केमोनंतरही गाठ तेवढीच दिसते, मग एमआरआय वेगळं काय सांगणार?

निफाड तालुक्यातून एका मुलाने विचारलंय. वडील ६४ वर्षांचे, घरात सगळे त्यांना नाना म्हणतात, चार एकर द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणीच्या धामधुमीत डोळे पिवळे झाले. सीटीत स्वादुपिंडाच्या डोक्याशी तीन सेंटिमीटरची गाठ निघाली, पित्तनलिकेत स्टेंट बसला, तुकडा तपासून कॅन्सर पक्का झाला आणि चार महिने केमो झाली. आता नवा सीटी म्हणतो, गाठ आहे तेवढीच. सर्जनने ‘डिफ्यूजनसकट सविस्तर एमआरआय’ करून यायला सांगितलंय. मुलाचे प्रश्न दोन: सीटी हातात असताना एमआरआय कशाला? आणि गाठ मेलीय की जिवंत आहे, हे त्यात खरंच कळतं का?

मी नाशिकमध्ये बावीस वर्षं रेडिओलॉजी करतोय. त्यातली बरीचशी पोटाच्या एमआरआयसमोर गेली. तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण झोप त्यानेच उडालेली असणार. हो किंवा नाही असं एका शब्दात कळत नाही. अंदाज मात्र सीटीपेक्षा बराच चांगला येतो, आणि तो चांगला यावा म्हणून तुम्हाला घरून करता येण्याजोग्या दोन-चार गोष्टी आहेत. त्या शेवटी सांगतो.

गाठ तेवढीच का राहिली, इथून सुरुवात करू. कॅन्सरची गाठ म्हणजे कॅन्सरच्या पेशींचा गोळा, अशी आपली समजूत असते. स्वादुपिंडात ती लागू पडत नाही. इथे गाठीचा निम्म्याहून जास्त भाग, कधीकधी तर तीन चतुर्थांशाच्याही वर, कॅन्सरच्या पेशींचा नसतोच. तो असतो शरीराने स्वतःच तयार केलेल्या घट्ट तंतूंचा. स्वादुपिंडात एरवी गपचूप पडून असणाऱ्या काही ताराकार पेशी असतात. त्या वेगळ्या काढून ओळखल्या गेल्या १९९८ मध्ये. कॅन्सरने त्यांना डिवचलं की त्या कोलॅजन विणत सुटतात. त्या घट्ट तंतूंच्या जाळ्यात कॅन्सरच्या पेशी इथे चार, तिथे दहा अशा विखुरलेल्या.

नाना शेतकरी आहेत, म्हणून त्यांच्याच शब्दात सांगतो. वाफसा म्हणजे काय, हे त्यांना विचारा. ओल आहे पण चिखल नाही, मातीच्या कणांमध्ये हवा खेळतेय, मूळ आरामात पसरतंय. निरोगी स्वादुपिंड वाफशावर आलेल्या जमिनीसारखं असतं. आणि ही गाठ म्हणजे बागेतल्या दोन ओळींच्या मधली, फवारणीचा ट्रॅक्टर वर्षानुवर्षं फिरून दडपलेली काळी पट्टी. तिथे ठिबकची नळी टाकली तरी पाणी वरच्या वर पसरतं, खाली मुरत नाही. केमोचं औषधही या गाठीत असंच मुरायला कुरकुर करतं, कारण आतला दाब वाढलेला असतो आणि बारीक रक्तवाहिन्या चेपल्या गेलेल्या असतात.

आता समजा केमो लागू पडली आणि पेशी मेल्या. तंतूंचं जाळं कुठे जाणार? ते तिथेच राहतं. फूटपट्टीला गाठ तेवढीच दिसते. म्हणून ‘गाठ जैसे थे’ हे वाक्य इतर कॅन्सरमध्ये जेवढं निराशाजनक वाटतं तेवढं इथे वाटून घेऊ नका. २०११ मध्ये चार औषधांच्या एकत्रित केमोचे निकाल आले. ते पसरलेल्या आजारात होते, पण हळूहळू तीच केमो शस्त्रक्रियेच्या आधीही दिली जाऊ लागली. तेव्हापासून सर्जन मंडळींना एक गोष्ट वारंवार दिसत गेली: स्कॅनमध्ये रक्तवाहिनीला चिकटलेली दिसणारी गाठ उघडल्यावर कधीकधी नुसता व्रण निघायची. सीटीला व्रण आणि जिवंत गाठ यातला फरक नीट कळत नाही.

सीटीला कमी लेखू नका हं. गाठ धमनीला किती अंशांत कवटाळते, १८० पेक्षा कमी की जास्त, शिरेचा आकार बिघडलाय का, यकृताची धमनी भलत्याच ठिकाणाहून निघतेय का, हे पातळ छेदांच्या सीटीत जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसऱ्या कशात नाही. शस्त्रक्रियेचा नकाशा आजही सीटीवरच निघतो. पण नकाशात रस्ते दिसतात. माती कशी आहे ते दिसत नाही.

एमआरआय मुळात पाण्याचा अभ्यास करतो. शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनला चुंबकात उभं करायचं, रेडिओलहरीने ढकलायचं आणि तो परत जागेवर येताना काय बोलतो ते ऐकायचं. ३ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) मशीनमध्ये हे बोलणं साधारण १२८ मेगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे तुमच्या एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या जरा वर. म्हणून तर खोलीला चहूबाजूंनी तांब्याचा पत्रा मारलेला असतो. बाहेरचा गोंगाट आत आला तर चित्रावर रेघा उमटतात. एकदा दाराची पट्टी झिजली होती, तेव्हा दोन दिवस आम्ही मशीनला शिव्या देत होतो.

त्यातलं सगळ्यात साधं आणि माझ्या मते सगळ्यात कमी कौतुक झालेलं चित्र म्हणजे चरबी दाबून घेतलेलं टी-वन, एमआरआयच्या चित्राचा एक मूळ प्रकार. इंजेक्शन नाही, काही नाही. निरोगी स्वादुपिंड प्रथिनांनी भरलेलं असल्याने त्यात दिव्यासारखं उजळतं आणि गाठ काळी राहते. सीटीत आजूबाजूच्या रंगात मिसळून गेलेल्या काही गाठी इथे पहिल्याच चित्रात पकडल्या जातात. गोची एकच. गाठीने नलिका अडवली की तिच्या मागचं स्वादुपिंडही सुजतं, सुकतं आणि काळवंडतं. मग गाठ कुठे संपली आणि सूज कुठे सुरू झाली, ते सांगणं अवघड होऊन बसतं.

सर्जनच्या चिठ्ठीतलं डिफ्यूजन म्हणजे काय, ते आता बघू. शरीराच्या तापमानाला मोकळ्या पाण्याचा रेणू ५० मिलिसेकंदांत साधारण ३० मायक्रॉन भटकतो. पेशीचा आकार १०-२० मायक्रॉन. म्हणजे तेवढ्या वेळात तो एकदोन भिंतींना तरी धडकणारच. जिथे पेशी दाटीवाटीने आहेत तिथे तो जास्त अडखळतो. लागोपाठ दोन उलटसुलट चुंबकीय झटके देऊन हे अडखळणं मोजता येतं. झटक्यांची तीव्रता म्हणजे ‘बी-व्हॅल्यू’. आम्ही ०, ५० आणि ४०० पासून ८०० पर्यंत जातो. त्यातून एक आकडा निघतो, त्याला एडीसी म्हणतात. एकक आहे सेकंदाला चौरस मिलिमीटरचा हजारावा भाग. मोकळ्या पाण्याचा एडीसी ३ च्या आसपास, निरोगी स्वादुपिंडाचा बहुधा दीड ते दोनच्या दरम्यान, आणि या कॅन्सरचा बरेचदा त्याहून खाली, सव्वाच्या जवळपास.

हे वाचून कोणी म्हणेल, मग सोपं झालं की, आकडा बघा आणि सांगा. आमच्या धंद्यात याच ठिकाणी माणूस तोंडावर आपटतो. मीही आपटलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी पन्नाशीचे एक गृहस्थ आले होते, स्वादुपिंडाच्या डोक्याला सूज, कावीळ, एडीसी एकदम खाली. मी रिपोर्टमध्ये घट्ट शब्द वापरले, ‘कॅन्सरच असण्याची दाट शक्यता’. सुदैवाने पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून तुकडा घेतला. निघाला स्वयंप्रतिकार-विकारातून होणारा स्वादुपिंडदाह. स्टेरॉइड सुरू केल्यावर सहा आठवड्यांत गाठ विरघळली. माझा रिपोर्ट ग्राह्य धरून त्यांचं ऑपरेशन झालं असतं, तर स्वादुपिंडाचं डोकं, पित्ताशय, आतड्याचा भाग असं सगळं विनाकारण गेलं असतं. तो रिपोर्ट मी अजून जपून ठेवलाय, नव्या मुलांना दाखवायला. गंमत म्हणजे उत्तर त्याच स्कॅनमध्ये होतं: स्वादुपिंडाची नलिका गाठीतून बारीक होत पण सलग आरपार जात होती. कॅन्सर सहसा नलिका कापतो. मी आकड्याच्या नादात नलिका बघितली नाही.

कारण एडीसी खाली जायला दोन वाटा आहेत. पेशींची दाटी ही एक, तंतूंची दाटी ही दुसरी. आकडा कुठल्या वाटेने उतरला हे आकडा सांगत नाही. म्हणून केमोनंतरच्या स्कॅनमध्ये मी स्वतःशी एक नियम ठेवलाय. एडीसी आधीच्यापेक्षा स्पष्ट वाढला असेल तर ते चांगलं लक्षण, पेशींची गर्दी ओसरतेय. पण वाढला नसेल तर त्याने काहीच सिद्ध होत नाही. पेशी मेल्या असतील आणि व्रणाने आकडा दाबून धरला असेल. आणि ‘स्पष्ट’ म्हणजे किती? तोच माणूस, तेच मशीन, दुसऱ्या दिवशी पुन्हा झोपवला तरी श्वास आणि आतड्यांच्या हालचालीने आकडा दहा-पंधरा टक्के सहज इकडेतिकडे होतो. त्यामुळे १.२० चा १.२८ झाला म्हणून पेढे वाटू नका.

दोन वाटांचा हा गुंता सोडवायला डिफ्यूजनचीच एक पुढची पायरी आहे. डेनिस ले बिहान या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९८६ मध्ये दाखवलं की अगदी हलक्या झटक्यांना जो सिग्नल झपकन पडतो तो केशवाहिन्यांतल्या वाहत्या रक्ताचा असतो, आणि जड झटक्यांना जो सावकाश पडतो तो पेशींमधल्या पाण्याचा. बी-व्हॅल्यू दोन-तीनऐवजी आठ-दहा घेतल्या की दोन्ही वेगळे काढता येतात. कॅन्सरच्या गाठीत वाहत्या रक्ताचा वाटा फार कमी असतो. सुजेच्या गाठीत तो बहुधा तितका पडत नाही. इंजेक्शनशिवाय रक्तपुरवठ्याचा अंदाज मिळतो, त्यामुळे मूत्रपिंड कमजोर असलेल्यांत मला हे आवडतं. वेळ मात्र जास्त लागतो, आणि पोटावर चरबी, आतड्यांत वायू, अशा माणसात आकडे बेभरवशाचे येतात.

इंजेक्शन देऊनही रक्तपुरवठा मोजतात. गॅडोलिनियमचं औषध शिरेत सोडायचं आणि दर काही सेकंदांनी चित्र घ्यायचं, चार-पाच मिनिटं. औषध रक्तातून पेशींमधल्या जागेत किती वेगाने झिरपतं, तिथे किती जागा आहे आणि परत किती वेगाने निघतं, असे तीन आकडे निघतात. या गाठीची सवय ठरलेली आहे: सुरुवातीला आजूबाजूचं स्वादुपिंड उजळतं, ही काळीच, उशिरा ते फिकं पडतं तेव्हा हिला रंग चढतो, कारण तंतूंच्या जाळ्यात शिरलेलं औषध लवकर निघत नाही. पुन्हा तीच दडपलेली जमीन. पाणी मुरायला वेळ आणि मुरलेलं निथळायलाही वेळ.

मोजमापांमध्ये माझं सगळ्यात लाडकं म्हणजे इलॅस्टोग्राफी. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या मंडळींनी १९९५ मध्ये ही कल्पना मांडली. पोटावर एक गोल चपटा डबा बांधायचा, त्याला प्लॅस्टिकची नळी, नळीचं दुसरं टोक बाहेरच्या खोलीतल्या स्पीकरसारख्या यंत्राला. ते हवेचे ठोके देतं, पोट थरथरतं, आणि ती थरथर आत कशी पसरते याचं एमआरआय चित्र काढतो. मऊ मांसात लाट आखूड, कडक मांसात लांब. यकृतासाठी ६० हर्ट्झ वापरतात, स्वादुपिंड खोल असल्याने त्यासाठी ४० बरं पडतं. इंग्रजीत त्या डब्याला ड्रमच म्हणतात. आमच्या टेक्निशियनने पंचवटीतल्या एका आजोबांना तो बांधून समजावलं, ‘पोटावर जरा ठोके बसतील’. आजोबा म्हणाले, ‘बसू दे, गणपतीत मी चाळीस वर्षं ढोल बांधलाय.’ नाशिक ढोलवाल्याला कोण काय शिकवणार!

निरोगी स्वादुपिंड ४० हर्ट्झला साधारण १.१ ते १.२ किलोपास्कल (कडकपणा मोजायचं एकक) भरतं. कॅन्सरची गाठ त्याच्या दुप्पट-तिप्पट. पोट उघडल्यावर सर्जन जे बोटांनी चाचपतात, हा मऊ, हा कच्च्या पेरूसारखा, तेच इथे पोट न उघडता आकड्यात येतं. पण जुनाट स्वादुपिंडदाहही कडक असतो, आणि वयानेही स्वादुपिंड थोडं घट्टावतं. शिवाय कडकपणा तंतूंचा असल्याने केमोनंतर पेशी मेल्या तरी तो टिकू शकतो. तंतू काढून टाकले की काम झालं, असंही नाही. जाळ्यातला हायलुरोनन हा चिकट पदार्थ विरघळवणारं एक एंझाइम केमोसोबत देऊन बघितलं होतं. तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत त्याने रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही. २०१९ चा तो निकाल बऱ्याच जणांना चटका लावून गेला.

याखेरीज टी-वनचा नकाशा काढून पेशींबाहेरची जागा किती टक्के हे मोजता येतं. त्यासाठी इंजेक्शनच्या आधी आणि नंतर मोजमाप घ्यायचं आणि त्याच दिवशीचा रक्ताचा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के तो आकडा, लागतो. केमोच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन दर पंधरवड्याला बदलतं, तेव्हा मागच्या महिन्याचा रिपोर्ट आणून चालत नाही. आणखी पुढची गोष्ट, म्हणजे कार्बन-१३ ची खूण असलेला पायरुवेट दहा हजार पटींहून जास्त सिग्नल देईल असा तयार करून शिरेत सोडायचा आणि गाठ त्याचं लॅक्टेट किती झपाट्याने करते ते मिनिट-दीड मिनिटात टिपायचं. जिवंत पेशीच हे करते, मेलेली नाही. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. पण ते काम मोजक्या संशोधन केंद्रांत चालतं. नानांच्या शस्त्रक्रियेच्या तारखेला त्याचा उपयोग नाही. चित्रातले शेकडो आकडे संगणकाकडून काढून घेण्याचंही सध्या पेव फुटलंय. एका मशीनवर शिकलेला संगणक दुसऱ्या मशीनवर गोंधळतो, एवढं माझ्या अनुभवापुरतं बोलून थांबतो.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो, एमआरआय कशाला. एवढं सगळं मातीचं पुराण सांगितलं, पण सर्जनच्या डोक्यात कदाचित गाठ नसेलच. यकृत असेल. स्वादुपिंडाचा कॅन्सर यकृतात पसरतो तेव्हा सुरुवातीला ठिपके चार-पाच मिलिमीटरचे असतात. सीटीत ते निसटतात. त्यात केमोमुळे यकृतात चरबी साठली असेल तर सगळं यकृतच सीटीत काळपट होतं आणि काळ्यावर काळा ठिपका कोणाला दिसणार? डिफ्यूजनच्या वरच्या बी-व्हॅल्यूला यकृत विझून जातं आणि असा ठिपका काळ्या पडद्यावर चांदणीसारखा उभा राहतो. त्याच्या जोडीला यकृताच्या पेशी शोषून घेतात असं गॅडोलिनियमचं एक औषध मिळतं. वीस मिनिटांनी चित्र घेतलं की यकृत पांढरं आणि ठिपका काळा. कावीळ चढलेली असेल तर यकृत ते औषध नीट शोषत नाही, म्हणून आधी बिलिरुबिन, म्हणजे रक्तातला काविळीचा आकडा, बघतो.

नऊ-दहा तासांचं ऑपरेशन ठरवून पोट उघडायचं, यकृतावर दाणे दिसायचे आणि तसंच शिवून बंद करायचं, हा प्रसंग मी सर्जनच्या तोंडून पुष्कळदा ऐकलाय. त्यातून रुग्ण उठेपर्यंत महिना जातो आणि तेवढ्यात केमो थांबलेली असते. ‘प्रगत’ म्हणून मिरवणाऱ्या सगळ्या तंत्रांपेक्षा हे एक डिफ्यूजनचं यकृत जास्त माणसांचे निर्णय बदलतं, हे माझं प्रामाणिक मत आहे.

तेव्हा नानांच्या स्कॅनमधून मी काय काय बघेन ते ओळीने सांगतो. आधी यकृत आणि पोटाच्या आतलं पातळ अस्तर. मग नलिकांचं चित्र, स्टेंट नीट वाहतोय का. मग गाठ आणि धमनीच्या मधली जागा: तिथे भरीव, डिफ्यूजनवर उजळणारं काही आहे, की नुसती विस्कटलेली धुरकट चरबी आहे. मग गाठीचा एडीसी, आणि तो जुन्याशी जुळवून. या सगळ्यासोबत एक आकडा तुम्हीच मला आणून द्यायचा, रक्तातल्या सीए १९-९ चा, म्हणजे या कॅन्सरमध्ये बरेचदा वाढणाऱ्या एका खुणेचा. केमोच्या आधी आणि आता, दोन्ही. ३७ च्या आत तो नॉर्मल धरतात. कावीळ असताना तो उगाच फुगतो, आणि शंभरातल्या पाच-दहा माणसांच्या रक्तात तो जन्मतःच तयार होत नाही. पण नानांचा आधी वाढलेला असेल, कावीळ उतरल्यावर मोजला असेल आणि केमोने तो धडाधड खाली आला असेल, तर त्याला वजन आहे. गाठ तेवढीच, एडीसी वाढलेला, सीए १९-९ कोसळलेला, यकृत स्वच्छ: असं असेल तर बहुतेक सर्जन पोट उघडून बघण्याच्या बाजूने जातात. यातले दोन इकडे आणि दोन तिकडे असतील तर ती चर्चा सर्जन, केमोचे डॉक्टर आणि रेडिओलॉजिस्ट यांनी एकत्र बसून करायची असते, आणि तशी करा म्हणून आग्रह धरायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

जाता जाता दुसऱ्या घरांसाठी एक सांगतो. एमआरआय करायचाच असेल तर तो स्टेंटच्या आधी करा. नानांच्या बाबतीत ती वेळ गेली, कारण बिलिरुबिन चढलं की सगळ्यांची घाई असते. स्टेंट बसला की आजूबाजूला सूज येते, नलिकेत हवा शिरते, आणि धातूचा स्टेंट असेल तर डिफ्यूजनच्या चित्रात त्याच्याभोवती काळं भगदाड पडतं, नेमकं जिथे गाठ आहे तिथे. त्याहून मोठं दुखणं म्हणजे काविळीची माळ आणि उतारा यात गेलेले तीन आठवडे. पन्नाशीपुढच्या माणसाला पोट न दुखता कावीळ, अंगाला खाज, पांढरट शौच, किंवा घरात कोणाला नसताना अचानक मधुमेह, वजन उतरणं, यातलं काही दिसलं तर माळ नंतर घाला, आधी सोनोग्राफी करा.

आता घरून करायच्या गोष्टी. पहिला एमआरआय कुठे झाला असेल तर शक्यतो त्याच मशीनवर दुसरा करा, मुंबईला जायचं असेल तरी. एक १.५ टेस्लावर आणि दुसरा ३ टेस्लावर झाला की एडीसीची तुलना म्हणजे एका बाजाराचा क्विंटल आणि दुसऱ्या बाजाराची पाटी. पहिला झालेलाच नसेल तर एडीसीची तुलना विसरा आणि यकृत व धमनीपुरता स्कॅन आहे असं धरून चाला. जुन्या सीटीची सीडी आणा. लोक फिल्मांची मोठी पिशवी जपून आणतात आणि सीडी कपाटात राहते. मला पिशवीपेक्षा सीडी हवी असते. आणि सर्जनच्या चिठ्ठीवर प्रश्न लिहून घ्या, ‘यकृतात काही आहे का’, ‘धमनीजवळ व्रण की गाठ’. ‘एमआरआय पोट’ एवढ्याच चिठ्ठीवर एवढंच उत्तर मिळतं.

क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट लागेल. बायोप्सीचा कागदही आणा. एमआरआय हा तुकड्याला पर्याय नाही, नानांचा तुकडा आधीच झालाय ते बरंच आहे. एमआरआयची वेळ शस्त्रक्रियेच्या आधी चार आठवड्यांच्या आत ठेवा. त्याहून जुना स्कॅन या आजारात शिळा धरायचा.

श्वासाचा सराव मात्र आजपासून करून घ्या. चित्र पंधरा-अठरा सेकंदांचं असतं आणि श्वास आत घेऊन नाही, बाहेर सोडून धरायचा असतो, कारण प्रत्येक वेळी सोडलेला श्वास सारख्याच जागी थांबतो. केमोने थकलेल्या माणसाला हे जड जातं. नानांना सकाळ-संध्याकाळ खुर्चीत बसवून घड्याळ लावा: श्वास घ्या, सोडा, थांबा. दहापासून सुरू करून अठरापर्यंत न्या. माझ्याकडचे निम्मे बिघडलेले स्कॅन मशीनमुळे नाही, या अठरा सेकंदांमुळे बिघडलेत.

त्या दिवशी सहा तास उपाशीपोटी यायचं. मधुमेह असेल तर गोळ्यांचं आणि इन्सुलिनचं आधी विचारून घ्या. नलिकांच्या चित्राआधी कदाचित पेलाभर अननसाचा रस प्यायला देतील. पाहुणचार समजू नका. त्यातल्या मँगनीजने जठरातलं पाणी चित्रात काळं होतं आणि मागची नलिका उघडी दिसते. स्टेंट धातूचा की प्लॅस्टिकचा, ते स्टेंटच्या कार्डावर असतं. कार्ड सापडत नसेल तर डिस्चार्जच्या कागदावर असेल. तेही नसेल तर ज्यांनी बसवला त्यांना फोन करून विचारा, कारण आमचा टेक्निशियन नानांना आत घेण्याआधी पहिलं तेच विचारणार आहे.